खासदारांचं मत कागदावर का सापडत नाही

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुमच्या खासदारांची लोकसभेतली हजेरी 90 टक्क्यांच्या वर आहे, विचारलेले प्रश्न 400 च्या वर. पण 2020 च्या कृषी कायद्यांच्या वेळी त्यांनी बाजूनं मत दिलं की विरोधात, हे तीन रात्री शोधूनही तुम्हाला सापडलं नाही. म्हणून तुम्ही विचारलंत, "मी चुकीच्या जागी शोधतोय, की हे मुद्दाम लपवलं जातं?"

तुम्ही चुकीच्या जागी शोधत नव्हता आणि ते कोणी लपवूनही ठेवलेलं नाही. ते मत नोंदलंच गेलं नाही.

मी सात वर्षं दिल्लीत दोन वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांकडे संसदेचं काम पाहत होते. प्रश्न लिहायचे, भाषणाचे मुद्दे काढायचे, आलेली उत्तरं फाइलला लावायची. तुम्ही जे कागद बाहेरून चाळताय, ते तयार होताना मी पाहिलेत. त्यामुळे मताचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे.

आपल्याला वाटतं की विधेयक मंजूर झालं म्हणजे प्रत्येक खासदारानं बटण दाबलं असणार. तसं नसतं. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूनं असलेल्यांनी 'हो' म्हणावं, विरोधातल्यांनी 'नाही' म्हणावं. कोणता आवाज मोठा, हे ऐकून निर्णय जाहीर होतो. इतिवृत्तात त्याची एक ओळ येते : प्रस्ताव स्वीकृत झाला. कोण 'हो' म्हणालं, कोण 'नाही', कोण चहा प्यायला बाहेर गेलं होतं, यातलं काहीही कागदावर येत नाही. नावानिशी नोंद हवी असेल तर एखाद्या सदस्यानं अध्यक्षांच्या निर्णयाला आव्हान देऊन मतविभागणी मागावी लागते. ती मागितली तरी, मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना जागेवर उभं करून नुसती डोकी मोजू शकतात. त्यातही नावं नोंदली जात नाहीत.

कृषी विधेयकांचं असंच झालं. बाजार समितीबाहेरच्या व्यापाराचं आणि कराराच्या शेतीचं, ही दोन विधेयकं लोकसभेत 17 सप्टेंबर 2020 ला आवाजी मतदानानं मंजूर झाली. 20 सप्टेंबरला ती राज्यसभेत आली. तिथे विरोधकांनी मतविभागणी मागितली, गोंधळ झाला आणि शेवटी आवाजी मतदानानंच ती मंजूर झाल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी 8 खासदार निलंबित झाले. त्यांत महाराष्ट्राचे राजीव सातवही होते. पुढे हे कायदे मागे घेण्याचं विधेयक 29 नोव्हेंबर 2021 ला दोन्ही सभागृहांत चर्चेविना एकाच दिवशी मंजूर झालं. देशभर वर्षभर ज्यावर आंदोलन झालं, त्या कायद्यांवर तुमच्या खासदारांचं वैयक्तिक मत कुठल्याच दप्तरात नाही. मला ही आपल्या संसदीय पद्धतीतली मोठी उणीव वाटते आणि ते मी संधी मिळेल तिथे बोलते.

मग नोंद सापडते कधी? घटनादुरुस्तीच्या वेळी हमखास सापडते, कारण तिथे विशेष बहुमत लागतं आणि मतं मोजावीच लागतात. महिला आरक्षणाचं विधेयक 20 सप्टेंबर 2023 ला लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झालं. विरोधातली दोन मतं असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांची होती. इतर विधेयकांवर विरोधकांनी मतविभागणी लावून धरली तरच नावं मिळतात. एप्रिल 2025 मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत 288 विरुद्ध 232 असं मतदान झालं, त्याची यादी उपलब्ध आहे.

ही यादी शोधायची कशी? तारीख आधी पक्की करा. मग संसदेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या चर्चेचा पूर्ण मजकूर उघडा आणि विधेयकावरच्या मंत्र्यांच्या उत्तरानंतरच्या पानांवर जा. मतविभागणी झाली असेल तर तिथे क्रमांक, वेळ आणि मग बाजूनं, विरोधात, तटस्थ अशा नावांच्या याद्या असतात. निकालाच्या आकड्याला 'दुरुस्तीच्या अधीन' अशी टीप असते. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'एक देश, एक निवडणूक' विधेयक मांडण्याच्या प्रस्तावावर 17 डिसेंबर 2024 ला नव्या संसद भवनातल्या लोकसभेत पहिल्यांदा यंत्रावर मतदान झालं. फलकावर आधी 220 विरुद्ध 149 दिसलं. ज्यांचं मत यंत्रावर नोंदलं गेलं नव्हतं किंवा चुकीचं नोंदलं गेलं होतं, त्यांच्या चिठ्ठ्या मोजल्यावर अंतिम आकडा 269 विरुद्ध 198 झाला. कोणी फलकाचा फोटो काढून "आमचे खासदार गैरहजर होते" असं गावभर पसरवलं असतं, तर एखाद्या हजर माणसावर अन्याय झाला असता.

आता या याद्यांतून खासदाराबद्दल किती कळतं? माझं मत विचाराल तर फार थोडं. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आली. तेव्हापासून पक्षाचा व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, असताना परवानगी न घेता विरोधात मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, आणि पक्षानं 15 दिवसांत ते माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे व्हिप असलेल्या विधेयकावरचं मत हे पक्षाचं मत समजा. यादीतून पक्षाची चाल मात्र छान कळते. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेनं लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानाआधी सभात्याग केला. सभात्यागाला यादीत रकाना नसतो. नुसती यादी पाहणाऱ्याला ते सदस्य त्या दिवशी आलेच नाहीत असं वाटेल. चर्चेचा मजकूर वाचला तरच ते सभागृहात बोलून बाहेर पडले हे कळतं.

मतापेक्षा मला स्वतःला दुरुस्त्या जास्त बोलक्या वाटतात. विधेयकाच्या अमुक कलमात अमुक शब्द बदला, अशी सूचना खासदार नावानिशी देतो. ती जवळजवळ नेहमीच फेटाळली जाते, पण तिची नोंद राहते. कलमवार चर्चेच्या पानांवर ती नावं असतात. ज्यानं दुरुस्ती दिली त्यानं, किंवा त्याच्या कार्यालयातल्या कुणीतरी, विधेयक नीट वाचलंय एवढं तरी नक्की धरता येतं.

हजेरीचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार अर्थ नाही. हजेरी म्हणजे त्या दिवसाची नोंद. सकाळी नोंद करून कोणी अर्ध्या तासात निघून गेलं तरी दिवस भरतो. मंत्री आणि विरोधी पक्षनेते अशी हजेरी नोंदवत नाहीत, त्यामुळे त्यांचा रकाना रिकामा असतो आणि दरवर्षी कुणीतरी त्यावरून चुकीची बातमी करतं. डिसेंबर 2023 मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून 146 खासदार निलंबित होते. त्यांची त्या अधिवेशनातली हजेरी त्यामुळेच घसरलेली दिसते. हजेरी 30 टक्के असेल तर जरूर जाब विचारा. 85 आणि 95 मध्ये मात्र फरक करू नका.

आता प्रश्नांकडे येते. या कामात माझी सर्वांत जास्त वर्षं गेली.

लोकसभेत एका दिवशी 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात. तारांकिताला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो. अतारांकिताचं फक्त लेखी उत्तर येतं. एका खासदाराचे दिवसाला जास्तीत जास्त 5 प्रश्न लागू शकतात, त्यांतला तारांकित एकच. कुणाचा नंबर लागणार हे सोडतीनं ठरतं. तारांकित 20 असले तरी तासाभरात पाच-सहाच पुकारले जातात, बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं. म्हणजे 'तारांकित प्रश्न किती' यात नशिबाचा वाटा मोठा आहे. अतारांकितांची संख्या मात्र कार्यालयात बसून वाढवता येते. माझ्या पहिल्याच अधिवेशनात मला स्पष्ट सांगितलं गेलं होतं की आकडा वाढला पाहिजे. तेव्हा मी लिहिलेले प्रश्न असे होते : "प्रधानमंत्री पीक विमा योजनेची सद्यस्थिती काय आहे आणि शेतकऱ्यांना वेळेत भरपाई मिळावी म्हणून सरकारनं कोणती पावलं उचलली आहेत?" विषय बदलायचा, साचा तोच ठेवायचा. उत्तरात योजनेची माहितीपुस्तिका यायची. त्या उत्तरांचा मतदारसंघातल्या एकाही शेतकऱ्याला उपयोग झाला नाही, याची खंत मला आजही आहे.

दुसऱ्या खासदारांकडे गेले तेव्हा तोच विषय वेगळ्या पद्धतीनं हाताळला गेला. भरपाई द्यायला ठरलेल्या मुदतीपेक्षा उशीर केला तर विमा कंपनीनं शेतकऱ्याला 12 टक्के व्याज द्यायचं, अशी तरतूद या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत 2018 मध्ये आली. त्या वयस्कर गृहस्थांनी ती ओळ पेन्सिलीनं अधोरेखित करून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "ताई, एवढंच विचारा. आपल्या जिल्ह्यात हे व्याज किती जणांना मिळालं?" प्रश्न 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून आम्ही चारच भाग केले : हंगामवार किती दावे मुदतीनंतर निघाले, त्यांवर किती व्याज देय होतं, प्रत्यक्ष किती दिलं, आणि न देणाऱ्या कंपनीवर काय कारवाई झाली. पहिल्या अधिवेशनात उत्तर आलं : "माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल."

अशा उत्तरावर लोक निराश होऊन पान बंद करतात. तसं करू नका. हे वाक्य म्हणजे सरकारनं सभागृहाला दिलेलं आश्वासन धरलं जातं. ते 3 महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि त्यासाठी शासकीय आश्वासनांची वेगळी समिती आहे. आम्ही तारीख लिहून ठेवली. पुढच्या अधिवेशनात त्या आश्वासनाचं काय झालं हे विचारलं, त्याच्या पुढच्या अधिवेशनात शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, तोच विषय मांडला. तक्ता यायला वर्ष लागलं. तो घेऊन तालुक्यातले शेतकरी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले, तेव्हा "अशी माहिती आमच्याकडे नाही" असं म्हणायची कुणाची सोय उरली नाही. खासदारांच्या कामाची मोजणी करणाऱ्या तक्त्यात या सगळ्याची किंमत दोन प्रश्न आणि एक भाषण एवढीच दिसते.

म्हणून तुमच्या खासदारांचे 400 प्रश्न संख्येनं बघू नका. त्यांतले तुमच्या तालुक्याला लागू होणारे वीस-पंचवीस निवडा आणि वाचा. प्रश्नात वर्ष, जिल्हा, रक्कम, मुदत असं मोजता येणारं काही मागितलंय का? उत्तर टाळलं गेलं तर पुढच्या अधिवेशनात त्यांनी पुन्हा तेच धरून विचारलं का? तोच प्रश्न शब्दशः आणखी सात-आठ खासदारांच्या नावावर आहे का? सारखे प्रश्न एकत्र जोडले जातात, त्यामुळे एकाच प्रश्नाखाली पाच-सहा नावं दिसतात. त्यात गैर असेलच असं नाही, पण कार्यालयं एकमेकांना मसुदे देतात हे लक्षात ठेवा. काही वेळा त्याहून वाईटही घडलेलं आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर 2005 मध्ये 11 खासदारांना संसदेतून काढून टाकलं होतं. एखाद्या खासदारानं मतदारसंघाशी संबंध नसलेल्या एकाच उद्योगावर वारंवार बारीकसारीक प्रश्न विचारलेले दिसले, तर थांबून विचार करावा.

भाषणांबद्दल तीन गोष्टी माहीत असल्या की तुमचा बराच वेळ वाचेल. पहिली म्हणजे, इतिवृत्तात छापलेलं प्रत्येक भाषण सभागृहात केलेलं नसतं. अर्थसंकल्पासारख्या लांब चर्चेत वेळ संपला की अनेकांना लेखी भाषण पटलावर ठेवायची परवानगी मिळते. त्याखाली तशी टीप असते. नियम 377 खालचे, म्हणजे खासदारांनी मतदारसंघातल्या प्रश्नांवर मांडलेले छोटे विषयही पुष्कळदा असे पटलावरच ठेवले जातात. दुसरी, मजकुरात जिथे फुल्या दिसतात तिथले शब्द कामकाजातून काढून टाकलेले असतात, आणि 'व्यवधान' लिहिलंय तिथे गोंधळ चालू होता. तिसरी गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. खासदार मराठीत बोलले असतील तर मजकुरात बहुतेक वेळा त्याचा अनुवाद असतो. त्यांचे नेमके शब्द हवे असतील तर चित्रफीत बघा. मजकुरात मधूनमधून वेळ दिलेली असते, ती धरून संसद टीव्हीच्या चित्रफितीत नेमक्या जागी पोहोचता येतं. मी आजही आधी मजकूर वाचते, वेळ टिपते आणि मगच चित्रफीत उघडते.

भाषणं कमी असण्याची कारणंही बघावी लागतात. चर्चेचा वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार वाटला जातो. दोन-तीन खासदारांच्या पक्षाला मोठ्या विधेयकावर तीन-चार मिनिटं मिळतात. मोठ्या पक्षातल्या नवख्याला पक्षच बोलू देत नाही. मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारत नाही, म्हणून त्याचा आकडा शून्य असतो. 2020 च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त अतारांकित प्रश्न होते, आणि त्या वर्षी हिवाळी अधिवेशन झालंच नाही. त्यामुळे त्या वर्षाची इतर वर्षांशी तुलना करू नका. पीआरएस या संस्थेच्या संकेतस्थळावर खासदारवार हजेरी, चर्चा, प्रश्न आणि खासगी विधेयकं यांचे आकडे, राज्याच्या आणि देशाच्या सरासरीसह मिळतात. सुरुवात तिथून करावी. पण तिथली सरासरीची रेघ बघून निकाल देऊ नका. खासगी विधेयकांबाबत, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेल्या विधेयकांबाबत, तर अजिबातच नाही. स्वातंत्र्यापासून अशी फक्त 14 विधेयकं कायदा झाली आणि त्यांतलं शेवटचं 1970 मध्ये. खासगी विधेयक मांडणं म्हणजे एखाद्या विषयाकडे लक्ष वेधणं, इतकंच.

एक जागा जवळजवळ कुणीच बघत नाही, ती म्हणजे स्थायी समित्या. अशा 24 समित्या आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य असतात. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे त्या टीव्हीवर दिसत नाहीत. पण प्रत्येक अहवालाच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात आणि त्यात हजर सदस्यांची नावं असतात. तुमचे खासदार कोणत्या समितीवर आहेत ते बघा, दोन-तीन अहवालांची शेवटची पानं उघडा आणि नाव शोधा. कॅमेरा नसताना, सकाळपासून अधिकाऱ्यांची साक्ष ऐकत बसणारा खासदार कोण, ते तिथे कळतं. मला एखाद्याबद्दल मत बनवायचं असेल तर मी ही पानं सगळ्यांत आधी बघते.

आमदारांचं काम असंच तपासायचं असेल तर शब्द थोडे बदलतात : तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कार्यवाही मिळते. पण त्यात शोधणं संसदेपेक्षा जिकिरीचं आहे. अधिवेशन चालू असतानाच रोजची यादी उतरवून ठेवलेली बरी.

आता पुन्हा तुमच्या मूळ प्रश्नाकडे. कृषी विधेयकांसाठी 17 सप्टेंबर 2020 चा लोकसभेचा पूर्ण मजकूर उघडा. त्यात तुमच्या खासदारांचं नाव शोधा : ते बोलले का, काय बोलले, एखादी दुरुस्ती दिली का. नाव नसेल तर पक्षाच्या वतीनं कोण बोललं ते वाचा. मग खासदारांना साधं पत्र लिहा. "त्या दिवशी आपण सभागृहात होतात का, आवाजी मतदानात आपला आवाज कुठल्या बाजूचा होता, आणि आपल्या पक्षानं मतविभागणी मागितली होती का?" असे तीनच प्रश्न विचारा. मतदारसंघातल्या कार्यालयात पत्राची पोच घ्या आणि प्रत दिल्लीच्या पत्त्यावर पाठवा. मी कार्यालयात असताना अशी नेमकी तारीख घातलेली पत्रं फार कमी यायची, आणि आली की ती बाजूला पडत नसत. ती थेट साहेबांच्या टेबलावर जायची. उत्तर आलं तर इथे जरूर लिहा. आणि त्या 400 प्रश्नांतले पीक विम्याचे जे असतील ते मला पाठवा. त्यांतल्या कुठल्या उत्तरात आश्वासन दडलंय, ते आपण मिळून बघू.